दोन्ही पाचशेच, पण सळई वेगळी आणि निशाण्याची प्लेट वेगळी

पाचशे हा आकडा जालन्यात शाळेतल्या लेकरालाही पाठ आहे. भिंती रंगवल्यात, शेडचे पत्रे रंगवलेत, जिकडं बघावं तिकडं 'एफई 500', '500 डी'. सळई म्हणजे जालना आणि जालना म्हणजे सळई, हे आता राज्यभर झालंय. त्याचा अभिमान मलाही आहे. माझ्या घराच्या स्लॅबात हीच सळई आहे.

पण गेल्या काही महिन्यांपासून या आकड्याचा एक भलताच वापर मोबाईलवर बघायला मिळतोय. शेतातल्या आखाड्यावर, लिंबाच्या फांदीला लोखंडाचा एक तुकडा टांगलेला. समोर एअरगन घेतलेलं पोरगं, नाहीतर परवान्याची बंदूक घेतलेला एखादा 'दादा'. टण्ण असा आवाज. मागं गाणं. खाली ओळ, 'जालन्याचं पोलाद, गोळीला पण ऐकत नाही'. आणि त्याखाली शेकडो बदाम.

मित्रांनो, आज याच विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काहींना झोंबेल, माझा नाइलाज आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोखंडी निशाण्यावर गोळी झाडणं हा जगभर मान्यता असलेला खेळ आहे, त्याच्यामागं धातूशास्त्र आहे, नियम आहेत. भंगारातला पत्रा झाडाला टांगून त्याच्यावर गोळ्या झाडणं हा मात्र डोळे फोडून घ्यायचा धंदा आहे. आणि स्वतःला स्टीलचं गाव म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हा फरक समजावून सांगणारी, पोरांना नीट शिकवणारी एकही सार्वजनिक जागा उभी राहू नये, ही इथल्या पुढाऱ्यांची आणि प्रशासनाची नामुष्की आहे.

आता पाचशेचा घोळ सोडवू.

सळईवरचा 500 हा ताकदीचा आकडा आहे. आयएस 1786 या भारतीय मानकाप्रमाणं 'एफई 500' म्हणजे ती सळई दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन ताणापर्यंत कायमची लांबत नाही. त्यापुढं ती लांबायला, वाकायला लागते, पण एकदम तुटत नाही. 'डी' अक्षर तर तिच्या जास्त लवचिकपणासाठीच आहे. भूकंपात घर हललं तर सळईनं वाकावं, तुटू नये, यासाठी ती तशी बनवलेली असते. लाल सळई मिलमधून बाहेर पडताना पाण्याच्या झोतातून जाते, वरची साल कडक होते, आतला गाभा मऊ राहतो. टीएमटी म्हणतात ते हेच.

निशाण्याच्या प्लेटचा 500 हा कडकपणाचा आकडा आहे. ब्रिनेल नावाच्या मापात मोजतात. एक कडक गोळी ठरावीक दाबानं धातूवर दाबायची आणि किती मोठा खळगा पडतो ते बघायचं. आपलं साधं माइल्ड स्टील, म्हणजे ज्याचे गेट, ग्रिल, ट्रॉल्या बनतात, ते या मापात साधारण 120 ते 130 भरतं. रायफलच्या निशाण्यासाठी जी प्लेट वापरतात ती 500 च्या आसपास. म्हणजे जवळपास चौपट. ती प्लेट तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेतानं तापवून बनवतात. त्यासाठी वेगळी मिल लागते, वेगळी रसायनं पोलादात घालावी लागतात. आपल्या मिलचा धंदा भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवून बिलेट ओतायचा आणि त्याची सळई ओढायची आहे. तो धंदा चांगलाच आहे, फक्त वेगळा आहे.

तेव्हा 'आपलं 500 चं स्टील आहे, गोळी काय करणार' असं म्हणणाऱ्यानं दोन वेगळ्या मापांची बेरीज केली आहे. शंभर लिटर दुधाला शंभर रुपये म्हणण्यातला प्रकार.

यावर एक वेल्डर मित्र मला म्हणाला, "भाऊ, मऊ असो का कडक, लोखंड ते लोखंड. गोळी शिशाची. शिसं लोखंडापुढं काय टिकणार?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर नीट ऐका.

शिशाची गोळी कडक आणि सपाट पृष्ठभागावर आपटली की तिचा चुरा होतो. हा चुरा प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, चारी बाजूंना उडतो. थाळीवर ओला गोळा आपटला की तो कडेला पसरतो, तसंच. हा चुरा कुठं जाणार हे आधीच माहीत असतं, म्हणून त्याचा बंदोबस्त करता येतो. कडक प्लेटचा सगळा फायदा एवढाच आहे की ती सपाट राहते.

मऊ लोखंडावर काय होतं? गोळी खड्डा पाडते. पहिली गोळी निभावते, दुसरी निभावते. दहावी गोळी नेमकी त्या खड्ड्यात बसते. खड्ड्याच्या कडा वर आलेल्या असतात, तळ वाटीसारखा असतो. शिशाचा चुरा आता कडेला पसरू शकत नाही. तो वाटीच्या आकारानं वळतो आणि जिथून आला तिकडंच परत येतो. म्हणजे बंदूकवाल्याकडं, आणि त्याच्या बाजूला मोबाईल धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडं.

असाच एक धाकटा भाऊ मी पाहिलाय. गाव सांगणार नाही, नाव सांगणार नाही, दवाखानाही सांगणार नाही. नववीतलं पोरगं. घरच्यांनी एअरगन ऑनलाइन मागवली, कारण ठरावीक ताकदीखालच्या एअरगनला परवाना लागत नाही. निशाणा म्हणून टांगला भाकरीचा जुना तवा. तवा, म्हणजे आधीच खोलगट, आणि खोलगट बाजू समोर! सहासात पावलांवरून झाडलेला छर्रा परत आला आणि पोराच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा जागेवर आहे, पण उजेड-अंधाराच्या पलीकडं त्याला त्या डोळ्यानं दिसत नाही. सैन्यात जायचं म्हणून रोज पहाटे पळणारं पोरगं होतं ते. ती वाट बंद झाली.

बातमी काय आली? 'खेळताना मुलाच्या डोळ्याला इजा'. दोन ओळी. कशानं झाली, तवा का टांगला, किती अंतर होतं, काही नाही. खेळताना इजा म्हणलं की सगळे सुटले. आईबाप, विकणारा, बघणारे, प्रशासन, सगळे.

म्हणून या पोस्टमध्ये मी ते सगळं लिहिणार आहे जे त्या दोन ओळींत नव्हतं. काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, तुम्ही लोकांना बंदूक चालवायला शिकवता का? नाही. ज्यांच्याकडं ती आहे, कायदेशीर आहे, आणि जे कुणी सांगितलं तरी थांबणार नाहीत, त्यांना मी निदान लोखंड ओळखायला सांगतोय.

कुठलं लोखंड चालत नाही?

माइल्ड स्टीलचा पत्रा नाही. ट्रॉलीच्या फाळक्याचा तुकडा नाही. बीडाचं झाकण, बीडाचा तवा तर अजिबात नाही, कारण बीड कडक असलं तरी ठिसूळ असतं, गोळी लागली की त्याचेच तुकडे उडतात. ट्रकच्या कमानीचा पाटा चांगल्या पोलादाचा असतो, पण त्याला बाक असतो आणि तो कुठं किती कडक आहे याचा भरवसा नाही. वखराची पास, रोटाव्हेटरची पाती, गॅस सिलिंडर, डिझेलची टाकी, यातलं काहीही नाही. ज्याच्यावर आधीच खड्डे आहेत, तडा आहे, वेल्डिंगचे थेंब आहेत, असं कुठलंही लोखंड नाही.

मग कुठलं?

घासून न झिजणारी म्हणून जी प्लेट बाजारात मिळते, तिचा 500 ब्रिनेलचा दर्जा. आपल्याकडं ही अनोळखी वस्तू नाही. खडी वाहणाऱ्या टिपरच्या बॉडीला, खोदकामाच्या मशीनच्या बकेटला असल्या प्लेटा लावतात. स्वीडनची हार्डॉक्स प्रसिद्ध आहे, भारतातही अशा प्लेटा बनतात. पण नुसतं दुकानदार 'पाचशेची आहे' म्हणाला म्हणून घ्यायची नसते. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं आणि त्यात ब्रिनेलचा आकडा बघायचा. सळई घेताना आपण सर्टिफिकेट मागतोच की.

जाडी? रायफलसाठी सर्वसाधारण पद्धत 10 मिलिमीटरची, जास्त ताकदीच्या काडतुसाला 12. एक फूट बाय एक फुटाची 10 मिलिमीटरची प्लेट सात किलोच्या आसपास भरते. कुणी चार किलोची एक फुटी प्लेट 'तीच आहे' म्हणून दिली तर समजून घ्या, जाडीत मारलंय.

आणि आता आपल्या गावाला सगळ्यात जास्त लागू होणारी गोष्ट. चांगली प्लेट आणली आणि गॅस कटरनं गोल कापली, की तिची कड मेली. या प्लेटला कडकपणा आलेला असतो तो उष्णतेच्या हिशेबातून. अडीचशे अंशांच्या वर तापवलं की तो हिशेब बिघडायला लागतो. गॅस कटरची ज्योत कडेचा बराच पट्टा मऊ करून टाकते. मग मधोमध प्लेट कडक आणि कडेला माइल्ड स्टील. पोरांच्या गोळ्या लागतात कुठं? कडेलाच! म्हणून लेझरनं, प्लाझ्मानं किंवा पाण्याच्या झोतानं कापून घ्यायची, भोकंही तिथंच पाडून घ्यायची. आणि प्लेटला हुक वेल्ड करायचा नाही. आमच्या वेल्डर मित्राला हे सांगितल्यावर तो गप्प बसला, कारण धातूचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

टांगायची कशी?

सपाट बाजू समोर, आणि वरची कड नेमबाजाकडं थोडी झुकलेली. दहा-पंधरा अंश. असं केलं की चुऱ्याचा मोठा भाग खाली जमिनीत जातो. प्लेट मागं कललेली असली तर तोच चुरा वर आणि आभाळात. प्लेटला हलायला जागा हवी, कारण हलली की ती धक्का पिते. चारी बाजूंनी खांबाला घट्ट आवळलेली प्लेट सगळा धक्का अंगावर घेते, बोल्ट तुटतात. टांगायला साखळी चालते, पण साखळीच्या कडीवर गोळी बसली तर कडी उडते. जुन्या कन्व्हेअर बेल्टची पट्टी जास्त बरी, खडी क्रशरवर ती पडलेली असते, गोळी तिच्यातून आरपार जाते आणि पट्टी टिकते. समोरच्या बाजूला नटाचं डोकं वर आलेलं नको, घुमटी डोक्याचा बोल्ट हवा. खांब प्लेटच्या मागं किंवा बाजूला, समोर काही नाही. खाली दगड-गोटे नकोत, भुसभुशीत माती हवी. आपल्या काळ्या रानात माती भरपूर आहे, मुरुमाच्या माळावर मात्र हे करू नका.

अंतर?

जगभरातल्या प्लेट बनवणाऱ्यांचा आणि क्लबांचा साधारण सल्ला असा. एअरगन असेल तर किमान 10 मीटर, शिशाचे छर्रे, स्टीलचे गोल छर्रे कधीच नाही, कारण स्टील स्टीलवर फुटत नाही, उसळतं. पॉइंट टू टू रायफल असेल तर 25 मीटरच्या पुढं. मोठ्या काडतुसाची रायफल असेल तर 100 मीटरच्या आत स्टील नाहीच. जवळून वेगवान गोळी 500 ब्रिनेलच्या प्लेटलाही खड्डा पाडते. गोळीच्या वजनापेक्षा तिचा वेग प्लेटला जास्त मारतो. आतून स्टीलचा गाभा असलेली गोळी तर कुठल्याच अंतरावर नाही.

आणि चष्मा. झाडणाऱ्याला, बाजूच्याला, मागं उभ्या असलेल्याला, व्हिडिओ काढणाऱ्याला. सगळ्यांना.

मागं काय आहे?

हे सगळ्यात शेवटी लिहिलं असलं तरी सगळ्यात आधी बघायचं. पॉइंट टू टूची एवढीशी गोळी सुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते. प्लेट एक फुटाची, चुकलेली गोळी तिच्या बाजूनं जाणार. मागं मातीचा उंच बांध हवा. शेताचा गुडघाभर बांध म्हणजे बांध नव्हे. आपलं शिवार सपाट. तुरीच्या आड कोण बसलंय, कपाशीत कुणाची आई वेचणीला वाकली आहे, हे आखाड्यावरून दिसत नाही. व्हिडिओत प्लेट दिसते, प्लेटच्या मागचं शिवार दिसत नाही. मी तरी दरवेळी तेच शोधत बसतो.

आता कुणी विचारेल, एवढी कटकट करून लोखंडच कशाला? कागद लावा ना.

खरंय, ऑलिंपिकमधली रायफल नेमबाजी लोखंडावर होतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं ते इलेक्ट्रॉनिक निशाण्यावर. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं लोखंडाचं काय काम? सुरुवात करणाऱ्या पोरानं कागदावरच शिकावं. कागद खोटं बोलत नाही, गोळी कुठं लागली ते दाखवतो. लोखंड फक्त लागली की नाही एवढंच सांगतं.

पण लांब अंतरावर कागदाची अडचण होते. 300 मीटरवर प्रत्येक गोळीनंतर चालत जाऊन भोक बघायचं? तिथं लोखंड कामाचं. गोळी लागली की आवाज येतो. 300 मीटरवरून तो यायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो, आणि त्या पाऊण सेकंदात नेमबाज श्वास, वारा, ट्रिगर सगळं शिकतो म्हणतात. आकाराचा हिशेब सोपा आहे. 300 मीटरवरची 30 सेंटिमीटरची प्लेट डोळ्याला 100 मीटरवरच्या 10 सेंटिमीटरच्या प्लेटएवढीच दिसते, 50 मीटरवर 5 सेंटिमीटरची. म्हणजे लांब पल्ल्याचा सराव 50 मीटरच्या छोट्या रेंजवरही करता येतो, फक्त निशाणा त्या प्रमाणात लहान करायचा. हे गणित सातवीतलं पोरगं करेल.

मेक्सिकोत यातूनच एक खेळ उभा राहिला. लोखंडी पत्र्याची कोंबडी 200 मीटरवर, डुक्कर 300 वर, टर्की 385 वर आणि मेंढा 500 वर. ती टांगलेली नसतात, उभी ठेवलेली असतात, नुसती लागून भागत नाही, पाडावी लागतात. हिवाळी ऑलिंपिकमधलं बायथलॉन बघा. बर्फावर घसरत यायचं आणि धापा टाकत 50 मीटरवरच्या पाच धातूच्या निशाण्यांवर पॉइंट टू टू रायफलनं झाडायचं. झोपून झाडताना निशाणा 45 मिलिमीटरचा, उभं राहून झाडताना 115 चा. लागला की काळ्याचा पांढरा होतो, दुसऱ्या टोकाच्या प्रेक्षकालाही कळतं. तिथं लोखंड आहे, पण कसलं, किती अंतरावर, कुठल्या गोळीसाठी, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडं काय लिहिलेलं आहे? तेही बघू, कारण 'आमच्याकडं परवाना आहे' हे वाक्य मला ऐकायला मिळणारच आहे.

दादा, परवाना तुम्हाला बंदूक बाळगायचा आहे. शिवारात रेंज काढायचा नाही. रायफल क्लब आणि फायरिंग रेंज यांच्यासाठी शस्त्र नियम 2016 मध्ये वेगळ्या परवान्याची तरतूद आहे. पिकाच्या राखणीसाठी म्हणून कायद्यात नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं, रानडुकरासाठी. रीलसाठी नाही. आणि डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम 25 मध्ये सरळ लिहिलंय, की बेफिकिरीनं किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीव गेलाच पाहिजे असं नाही, धोक्यात आला तरी पुरे. तुमचा व्हिडिओ हा तुमच्याच हातानं दिलेला पुरावा आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. त्यांचं उत्तर एकच, बंद करा. एअरगन बंद, क्लब बंद, बंदुकीचं नावच नको. मराठवाड्यात आधीच काय कमी डोकी तापलेली आहेत म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. पण बंदी घालून काय होतं ते आपण पाहतो. रानातली गोष्ट अजून आतल्या रानात जाते. अंबडच्या मत्स्योदरीच्या यात्रेत, राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीला, कुठल्याही जत्रेत फुगे फोडायची एअरगन लेकरं हातात घेतातच. मागं फळी असते का पत्रा, कुणी बघतं का? हात लागला की ओढ लागणारच. ती ओढ घेऊन जायला जागा नसेल, तर पोरगं लिंबाला तवा टांगणार.

कोल्हापूर जिल्ह्याची माती काही वेगळी नाही. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोनचं सुवर्ण आणलं. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. मग स्वप्नील. एकाच जिल्ह्यातून तिघं. तिथं कुणी पोरांना बंदुकीपासून लांब ठेवलं नाही, नीट हातात दिली. सरावाला जागा, शिकवायला माणूस.

आणि जालना? राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आपल्याच शहरात आहे. गोळीबार कसा करायचा, बट कसा बांधायचा, सरावाच्या वेळी जनावरं आणि माणसं कशी लांब ठेवायची, हे रोज करणारी माणसं आपल्या शेजारी राहतात. एनसीसीची पोरं 25 मीटरवर पॉइंट टू टू झाडतात, हुकूम झाल्याशिवाय ट्रिगरवर बोट जात नाही. पोलाद आपल्याकडं. धातूची परीक्षा करणाऱ्या लॅब मिलमध्ये. लेझर कटिंग एमआयडीसीत. सगळं सामान घरात आहे, फक्त चूल मांडायची कुणी नाव घेत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा क्रीडा अधिकारी, चौघांसाठी.

एक. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून आधी 10 मीटरची एअर रायफल रेंज, एका बंद हॉलमध्ये. यासाठी डोंगर लागत नाही, बट लागत नाही. हॉल, लाइट, कागदी निशाणे, चार रायफली आणि एक प्रशिक्षक. त्यानंतर 50 मीटर. स्टीलची एक लेन सगळ्यात शेवटी, जाणकाराच्या देखरेखीखाली.

दोन. शस्त्र परवाना देताना सुरक्षिततेचं प्रशिक्षण नियमातच आहे. त्या प्रशिक्षणात एक तास निशाणा, बांध आणि परत येणारी गोळी यावर ठेवा. राखीव दलातला एक निवृत्त हवालदार हे मराठीत असं सांगेल की परवानेवाल्याची झोप उडेल. प्रमाणपत्र फाइलला लावायला असतं, ही समजूत मोडा.

तीन. जत्रेतल्या फुग्याच्या स्टॉलला परवानगी देताना मागच्या फळीला जाड कापड आहे का, अंतर किती आहे, बाजूला आडोसा आहे का, एवढं बघा. एका माणसाचं दहा मिनिटांचं काम.

चार, आणि ही मिलमालकांसाठी. तुम्ही क्रिकेटच्या स्पर्धांना चषक देता, मंडळांना वर्गणी देता. एकदा एक प्लेट द्या. ब्रिनेलचा आकडा कोरलेली, लेझरनं कापलेली, आणि तिच्या शेजारी आपल्याच सळईचा तुकडा. दोन्हींवर पाचशे लिहा आणि खाली दोघींतला फरक लिहा. क्रीडा संकुलाच्या दारात लावा. जालन्याच्या पोरांना पोलादाचा याहून चांगला धडा कुणी देणार नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरी एअरगन आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करा. झाडाला टांगलेला तवा, पत्रा, झाकण, जे असेल ते काढून भंगारात द्या. त्याच्या जागी जुन्या वर्तमानपत्रांची गच्च भरलेली पेटी ठेवा, वर एक कागद चिकटवा, मागं मातीची भिंत बघा, लेकराच्या डोळ्यावर चष्मा चढवा. वर्तमानपत्रं नसतील तर आमच्या कार्यालयात या. न खपलेल्या अंकांचे गठ्ठे पडलेत, फुकट देतो.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडायला या, पण येताना आपली प्लेट घेऊन या. खड्डे मोजू.